नाजूक मनाचा फ्लेक्सवाला

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली, रविवारी परत वाचली आणि आज शटर उघडायच्या आधी तिसऱ्यांदा वाचली. तुम्ही ऐसपैस लिहिलंय, तेव्हा उत्तरही ऐसपैसच येणार. चहा घेऊन बसा. बिनसाखरेचा घ्या म्हणत नाही.

ज्यांनी मागचं वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पंधरा दिवसांपूर्वी मी आपल्या गावातल्या एका चौकातल्या होर्डिंगवर लिहिलं होतं. वीस बाय दहाचं होर्डिंग. त्यावर आठ-नऊ वर्षांचं जाड पोरगं, पोटाला शिंप्याची टेप गुंडाळलेली, हातात आइस्क्रीमचा कोन, चेहरा रडवेला. वर लाल अक्षरांत ‘आज गुटगुटीत, उद्या रोगी!’ मी म्हटलं होतं की हे उतरवा. साखरेबद्दल बोलायचंय तर साखर दाखवा, पोरगं कशाला दाखवताय?

त्यावर सरांनी लिहिलं: ‘तीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवली. पूर्वी वर्गात एखादं पोरगं जाड असायचं. आता दोन राउंड मारले की निम्मा वर्ग धापा टाकत खाली बसतो. लाज वाटल्याशिवाय माणूस बदलत नाही. सिगारेटच्या पाकिटावर सडका जबडा छापलाच ना? टीव्हीवरच्या जाहिरातीत अमिताभ रागावला तेव्हाच आया पोलिओच्या बूथवर आल्या ना? तुम्ही नाजूक मनाची माणसं पोरांना गोंजारत बसा. आणि कोल्ड्रिंकचे बोर्ड छापून पोट भरणाऱ्यानं हे शिकवावं?’

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण ते शंभर टक्के खरं आहे.

किराणा दुकानाची पाटी कशी होते ते बाहेरच्याला माहीत नसतं. दुकानदार पैसे देत नाही. कंपनीचा माणूस येतो, मापं घेतो आणि सहा बाय तीनचा बोर्ड फुकट करून देतो. बोर्डावर दोन्ही बाजूंना बाटली, त्यावर गार पाण्याचे थेंब, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत दुकानाचं नाव, ‘प्रो. प्रा.’सकट. त्यातले कितीतरी बोर्ड मी छापलेत आणि फिटिंगला पोरंही माझीच गेलीत. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२० मध्ये नियम केला, की साखर, मीठ, चरबी जास्त असलेला माल शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचा नाही आणि त्याची जाहिरातही करायची नाही. मी तो नियम वाचला तेव्हा मनातल्या मनात आमचे बोर्ड मोजले. एका शाळेसमोर तीन. टेप लावायची गरज नव्हती, फाटकातनं हात लांब केला तर बोर्डाला लागेल. तो सीझन तसाच काढला. पुढच्या वर्षीपासून शाळेजवळचं काम घेणं बंद केलं, पण गणपतीत मंडळाच्या कमानीवर कंपनीची पट्टी असते ती अजून छापतो. कमानीचा खर्च मंडळाला झेपत नाही आणि कमान छापली नाही तर मशीनचा हप्ता मला झेपत नाही. तेव्हा शिकवायचा अधिकार माझ्याकडं नाही, कबूल. पण बोर्ड कसा काम करतो हे मला तुमच्यापेक्षा चार आणे जास्त कळतं, एवढंच म्हणणं आहे.

आणि त्या होर्डिंगवर मी लिहिलं ते मन नाजूक म्हणून नव्हे. तसलंच एक पाप माझ्या नावावर आहे.

२०१७ ची गोष्ट. एका शाळेनं आरोग्य सप्ताहासाठी चार बोर्ड सांगितले. त्यातला एक ‘जंक फूड टाळा’. मी नेटवरनं एका जाड पोराचा फोटो उचलला. हातात बर्गर होता. कोल्हापुरात बर्गर कोण बघतंय म्हणून वडा चिकटवला. मग फोटोशॉपमध्ये त्याचं पोट धरून अजून थोडं बाहेर ओढलं. मी हसत होतो, शेजारी बसलेला ऑपरेटर हसत होता. मुख्याध्यापकांनाही प्रूफ आवडलं. बोर्ड फाटकाच्या आत, पाण्याच्या टाकीशेजारी लागला.

आमच्या गल्लीतलं एक पोरगं त्या शाळेत पाचवीला होतं. अंगानं भरलेलं, पुढचा एक दात तुटका, संध्याकाळी मैदानावर गोलकीपर. आपल्या पेठांत फुटबॉलचं वेड किती आहे ते तुम्हाला काय सांगायचं. आठवड्याभरात पोरांनी त्याचं नाव ठेवलं ‘फ्लेक्स’. ‘ए फ्लेक्स, बॉल आण!’ मी दुकानातनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझ्याच धंद्याची थट्टा चाललीय, आणि हसलो. नंतर कळलं. मग एक दिवस गोलात दुसरंच पोरगं दिसलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पोरगं संध्याकाळचं घरात, टीव्हीसमोर, आणि पुढ्यात काय असायचं ते सांगायला नको. दिवसातून तास-दीड तास त्याचं अंग हलत होतं, तेवढंही माझ्या बोर्डानं बंद केलं.

त्याची आई झेरॉक्स काढायला आली होती. पैसे देता देता म्हणाली, ‘दादा, तो शाळेतला बोर्ड उतरवायला किती घ्याल?’ मी म्हटलं, ‘वहिनी, बोर्ड शाळेचा आहे, मला हात लावता येत नाही.’ बोर्ड चार आयलेटवर, म्हणजे कोपऱ्यांतल्या कड्यांवर, लटकलेला असतो. वायर कापायला पाच मिनिटं लागतात. मी गेलो नाही. जूनच्या वाऱ्यात तो आपोआप फाटला.

म्हणून सर, ‘लाज वाटल्याशिवाय माणूस बदलत नाही’ हे वाक्य मला पुरतं खोटं वाटत नाही. लाजेनं पोरगं बदललंच की. फक्त ते मैदानाकडं यायच्याऐवजी मैदानापासून लांब गेलं.

आता जबडा. तुमच्या मुद्द्यांत हा सगळ्यात वजनदार, पण तुम्हीच जरा पाकीट डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडं तंबाखूच्या पाकिटावर चित्र २००९ मध्ये आलं आणि २०१६ पासून त्यानं ८५ टक्के जागा घेतली. ते चित्र आहे कुठं? पाकिटावर. विकत घेणाऱ्याच्या हातात, घेताना. तंबाखूची करणी तंबाखूच्याच अंगावर छापलीय. चौकातल्या होर्डिंगनं काय केलं? आइस्क्रीमच्या कोनाला धक्का न लावता पोराच्या अंगावर छापलं. जबड्याच्या न्यायानं जायचं तर बाटलीवर छापा, चॉकलेटच्या कागदावर छापा. चिलीनं २०१६ मध्ये तेच केलं. साखर जास्त तर पाकिटाच्या तोंडावर काळा अष्टकोन, आणि पोरांना भुलवणारी कार्टूनं त्या पाकिटांवरनं हद्दपार. आपल्याकडं पाकिटाच्या दर्शनी बाजूला काय छापायचं यावर वर्षानुवर्षं नुसता खल चाललाय. तिथं कंपन्या वकील घेऊन उभ्या असतात. जाड पोराच्या बाजूनं कोण उभं राहणार? तो स्वस्तात सापडतो.

अमिताभचंही तसंच. तो रागावला मोठ्यांवर. काम काय सांगितलं? पोराला उचला, बूथवर न्या, दोन थेंब. बूथ गल्लीच्या तोंडाला, थेंब फुकट, दोन मिनिटांत मोकळे. रागाला एक सरळ वाट काढून दिली होती, आणि मागं लाखो माणसं खोके घेऊन दारोदार हिंडत होती. म्हणून २०१४ ला देश पोलिओमुक्त ठरला. ‘आज गुटगुटीत, उद्या रोगी’ वाचून आईनं नेमकं काय करायचं? पोराला टेप लावायची?

त्यातून तो शब्द! गुटगुटीत. तुम्हाला सुदृढ बालक स्पर्धा आठवत असतील. मांडीला वळ्या पडलेलं पोर टेबलावर बसवायचे आणि आईच्या हातात स्टीलचा डबा बक्षीस. माझ्या आईनं असा एक डबा मिळवलाय. त्यात ती आजही साखर ठेवते. दोन पिढ्या ज्या शब्दानं आजीनं पोराची दृष्ट काढली, तोच शब्द शिवीसारखा चौकात टांगला तर आजी होर्डिंगवर विश्वास ठेवेल की नातवाच्या हातावर आणखी एक पेढा? आणि वजन म्हणजे लाज हे कोल्हापुरात, खासबागच्या कुस्ती मैदानाच्या गावात, सांगायचं म्हणजेही गंमतच आहे. तालमीत वस्ताद नव्या पोराचं पोट बघून हसत नाही. जोर मारायला लावतो.

एक प्रयोग सांगतो, करून बघा. दसरा चौकातनं राजारामपुरीपर्यंत गाडीवरनं जा आणि ज्या बोर्डांवर पोरं आहेत ते बघत जा. चॉकलेट, बिस्किट, सरबत विकणाऱ्यांच्या बोर्डावर पोरगं हसत असतं. सडपातळ, उड्या मारणारं, आई कौतुकानं बघतेय. आणि आरोग्याच्या बोर्डावर पोरगं असलंच तर रडवेलं, एकटं, तुच्छ. पाचवीतल्या पोरानं यातनं काय समजायचं? आपला दोस्त कोण, ते त्याला लगेच कळतं.

हे आपणच पहिल्यांदा करतोय असं नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, अटलांटातल्या मुलांच्या इस्पितळानं २०११ मध्ये अशीच मोहीम काढली होती. काळे-पांढरे फोटो, जाड मुलं-मुली कॅमेऱ्याकडं बघतायत, खाली लाल पट्टीत ‘इशारा’. एकीच्या खाली लिहिलं होतं, की तुम्ही लहानखुऱ्या नसाल तर लहान मुलगी असणं अवघड असतं. इंग्रजीत तो कोटीचा खेळ आहे. करणाऱ्याला फार हुशारी वाटली असणार. मलाही वडा चिकटवताना वाटलीच होती. तिकडं त्यावर मोठं वादळ उठलं. पुढं येल विद्यापीठाच्या रिबेका पुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या अशा मोहिमांची वाक्यं माणसांना दाखवून विचारलं, की यातलं काय वाचून तुम्हाला काही करावंसं वाटतं. त्यांचा अभ्यास २०१३ ला छापून आला. लाजवणारी वाक्यं मागं पडली. पुढं आली ती ‘फळं-भाज्या खा’ छापाची वाक्यं, ज्यांत लठ्ठ हा शब्दच नव्हता. आता तुम्ही म्हणाल, माणसं बोलतात एक आणि वागतात दुसरं. बरोबर. पण लाज कामाला येते याचाही पुरावा त्यांना सापडला नाही.

घाबरवायला माझी ना नाही, सर. कुणाला घाबरवायचं एवढाच वाद आहे. न्यूयॉर्क शहरानं २००९ मध्ये पोस्टर काढलं, त्यात बाटलीतनं ग्लासात कोल्ड्रिंक ओतलंय आणि ग्लासात पडेपर्यंत त्याची पिवळट चरबी झालीय. बघून मळमळतं. पण मळमळ बाटलीची येते, पोराची नाही. मेक्सिकोत २०१३ च्या सुमाराला पोस्टर लागली: बाटली, पुढं साखरेचे बारा चमचे, आणि सवाल, की एवढी साखर खाल का? दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीपासून तिथल्या सरकारनं गोड पेयांवर लिटरमागं एक पेसो कर लावला, आणि पहिल्याच वर्षी खप सरासरी सहा टक्क्यांनी उतरला. नुसत्या पोस्टरनं उतरला असता? मला नाही वाटत. पोस्टरनं लोकांचं तोंड कराच्या बाजूला वळवलं, एवढं त्याचं काम.

ते मेक्सिकोचं वाचून मी काउंटरवर एक खेळ मांडला होता. अडीचशे मिलीची काळी बाटली घेतली. मागच्या बारीक अक्षरांत शंभर मिलीला साडेदहा-अकरा ग्रॅम साखर लिहिलेली असते. म्हणजे बाटलीत सव्वीस-सत्तावीस ग्रॅम. वजनकाट्यावर साखर तोलली, पारदर्शक पिशवीत भरली आणि बाटलीच्या गळ्याला दोऱ्यानं बांधली. सपाट भरले तर साडेसहा चमचे. शेजारी चिठ्ठी: ‘एवढीच आत आहे.’ जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, वरून घातलेल्या आणि मध-रसातल्या साखरेतनं दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी यावी, पाचच्या आत राहिली तर उत्तम. दुसरी-तिसरीतल्या पोराला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात असं धरलं तर पाच टक्के म्हणजे एकवीस ग्रॅम. एक बाटली प्यायली की दिवसाचा कोटा ओलांडून वर.

दोन महिने ती बाटली काउंटरवर होती. लग्नाच्या पत्रिकेला आलेले एक काका पिशवी हातात घेऊन वजन बघत राहिले, कितीतरी वेळ. एक मावशी म्हणाल्या, ‘एवढी घातली तर चहा तोंडात धरवणार नाही, मग हे गोडमिट्ट कसं लागत नाही?’ हा सवाल माझ्या डोक्यात आला नव्हता. गार असतं, आंबट असतं, गॅस असतो, त्यात गोडी दबते, एवढं मी सांगू शकलो. एका पोरानं पिशवीला भोक पाडून साखर चाटली. पण कुणाला टोपणनाव पडलं नाही. बाटलीला नावं ठेवली, ती बाटलीनं ऐकून घेतली.

आता एक गोष्ट जी तुम्ही लिहिली नाही, पण मनात असणार: साखरेच्या पट्ट्यात बसून साखरेविरुद्ध बोर्ड. आमचं घर कारखान्याच्या सभासदाचं. दिवाळीला सवलतीची साखर येते आणि पोतं घरात आलं की हात सैल सुटतो हे मी रोज बघतो. २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला झेंड्याला सलाम करून सरळ जिलेबीच्या रांगेत उभं राहणारं आपलं गाव. मीही राहतो, पाव किलो घेतो. २०२५ च्या जुलैत सामोसा-जिलेबीच्या बोर्डावरनं जो गदारोळ झाला तो आठवतो का? नागपूरच्या एम्सपासून बातमी सुटली, की आता जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा येणार. मग केंद्रानं खुलासा केला की गाड्यावरच्या पदार्थांवर कसलाही इशारा नाही, कार्यालयांत तेल-साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लावा एवढंच म्हटलंय. तोवर व्हॉट्सॲपवर जिलेबी हुतात्मा झाली होती. वर्षातनं दोनदा रांग लावून खाल्लेल्या जिलेबीनं पोरं जाड झालेली नाहीत. रोज पाच-दहा रुपयांत मिळणाऱ्या वस्तूंनी झालीत, आणि त्यांच्यासाठी भांडायला कुणाला व्हॉट्सॲपवर यावं लागत नाही. २०२५ च्याच सप्टेंबरात बिस्किट-चॉकलेटवरचा जीएसटी १८ वरनं ५ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी मे महिन्यात सीबीएसईनं आपल्या शाळांना साखरेचे फलक लावा म्हणून पत्रक काढलं होतं.

कुपोषणाचा मुद्दा दुसऱ्या एका वाचकानं काढलाय, त्यांनाही इथंच सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९–२१ च्या फेरीत, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं उंचीनं खुरटलेली होती आणि जादा वजनाची ४ टक्क्यांच्या आसपास, जी आधीच्या फेरीत दोनच्याही आत होती. म्हणजे खुरटलेली जास्त, हे खरंच. पण सकाळी चहात ग्लुकोजचं बिस्किट बुडवून ज्याचं पोट भरतं त्या पोराच्या ताटातनं अंडं-डाळ गेलेली असते. तो पुडा एका घरात पोर खुरटवतो, दुसऱ्या घरात फुगवतो. रडव्या जाड पोराच्या होर्डिंगसमोर उभी राहिलेली हडकुळ्या पोराची आई मात्र म्हणते, हे आपल्यासाठी नव्हे.

तुमचं निम्म्या वर्गाचं निरीक्षण मी नाकारत नाही. तीस वर्षं मैदानावर तुम्ही होता, मी नव्हतो. पण मैदानाच्या कडेला ज्या गाड्या, टपऱ्या आणि माझे बोर्ड तीस वर्षांत वाढले तेही त्याच मैदानावरनं दिसतात.

आता कामाचं बोलतो. एका शाळेच्या पालकांनी, शाळा राज्य मंडळाची, सीबीएसईचं ते पत्रक लागू नसताना, साखरेचा फलक सांगितलाय. चार बाय तीन, फाटकाच्या आत. प्रूफ तयार आहे: काळी बाटली, सरबताचं पाकीट, ग्लुकोजचा पुडा, प्रत्येकाखाली तेवढे चमचे. पोरगं कुठंच नाही. अडलंय ते एका जागी. फाटकाच्या बरोबर समोर रसवंती आहे. उसाच्या रसात शेकडा बारा ते पंधरा साखर, म्हणजे अडीचशे मिलीचा ग्लास बाटलीच्या वरच जातो. गूळ असो की रस, शरीराच्या हिशोबात ती साखरच. हिशोबानं रसाचा ग्लासही फलकावर यायला पाहिजे. रसवंतीवाल्याची नात त्याच शाळेत चौथीला आहे, आणि तिला ‘ए रसवंती’ म्हणायला पोरांना एक दिवस पुरेल. पालकांतले निम्मे म्हणतात घाला, निम्मे म्हणतात आपल्या मातीचं आहे, सोडा.

गुरुवारी फायनल करायचंय. सवड असेल तर बुधवारी संध्याकाळी दुकानात या, प्रूफ बघा. ग्लास ठेवू की काढू?